मण्यारीचे विष आणि घोड्याची प्रतिपिंडे

पेडणे आणि डिचोली हे गोव्याच्या नव्या काबिजादींतले महाल पावसाळ्यात भाताने आणि झाडीने इतके भरून येतात की, घराच्या पडवीत चटई टाकून निजलेला मनुष्य आणि उंदराच्या मागावर निघालेली मण्यार यांच्यात उंबरठ्याएवढेही अंतर उरत नाही. तिचा दंश बहुधा सुजत नाही, फारसा दुखतही नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या मिटू लागतात, गिळणे अवघड होते आणि अखेर श्वासाचे स्नायू निकामी होतात.

हे विष घाव घालते ते मज्जातंतू आणि स्नायू यांच्या सांध्यावर. मज्जातंतूचे टोक स्नायूला जेथे भिडते, तेथे तंतूतून ॲसिटिलकोलीन स्रवते व स्नायूवरील ग्राही प्रथिन ते झेलते. ही रचना प्राणिमात्रांत किती समान आहे, याचा विलक्षण दाखला १९७३ साली पॅट्रिक आणि लिंडस्ट्रॉम यांच्या प्रयोगातून मिळाला. विजेचा धक्का देणाऱ्या ईल माशाचे ग्राही प्रथिन त्यांनी सशांना टोचले. त्याविरुद्ध सशांच्या रक्तात जी प्रतिपिंडे निर्माण झाली, ती खुद्द सशांच्याच स्नायूंवरील ग्राहींना जाऊन चिकटली आणि ससे लुळे पडले. मायस्थेनिया ग्रॅव्हिस या स्नायू दुबळे करणाऱ्या मानवी व्याधीचे मूळ कारण त्यातून उलगडत गेले. मुंगसाच्या ग्राहीत मात्र निसर्गाने मोजकेच फेरफार केलेले आहेत, आणि तेवढ्यानेच नागाच्या विषाची पकड तेथे बसत नाही. मुंगसाच्या चपळाईइतकीच ही गोष्टही कौतुकास पात्र आहे.

प्रतिपिंड आकार ओळखते, प्राणी ओळखत नाही; म्हणूनच मुंबईच्या हाफकिनसारख्या संस्थांत घोड्याला अल्प मात्रेने विष टोचून मिळवलेली प्रतिपिंडे मनुष्याच्या रक्तातही तेच विष पकडतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालणाऱ्या भारतीय प्रतिविषाच्या १ मिलिलिटरने मण्यारीचे ०.४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ व्हावे, असे प्रमाण ठरलेले आहे.

तथापि येथे वेळेचा प्रश्न फार कठोर आहे. नागाचे विष ग्राहीवर बाहेरून बसते, त्यामुळे प्रतिपिंडांना ते सोडवून घेता येते. मण्यारीच्या विषातला एक घटक तंतूच्या टोकाचीच नासधूस करतो, आणि ती एकदा झाली म्हणजे घोड्याची प्रतिपिंडे ती भरून काढू शकत नाहीत. झाडपाल्यात आणि मंत्रतंत्रात रात्र घालवून मग म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात किंवा बांबोळीच्या इस्पितळात आणलेल्या रुग्णाला, ते टोक शरीर नव्याने घडवीपर्यंत, कित्येक दिवस यंत्राच्या श्वासावर ठेवावे लागते.