इंजिन नवे, गिअरबॉक्स जुना

तिकोणा पेठेसारख्या मावळातल्या गावांना जीप नवी नाही. महिंद्रा कंपनीने १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. ती पेट्रोलवर चाले. पुढे डिझेल स्वस्त म्हणून पुष्कळ मालकांनी जीपला डिझेल इंजिन बसवून घेतले. गिअर हाताने बदलायचा असेल तर हे बऱ्यापैकी निभावते. पण गिअरबॉक्स जुन्या पद्धतीचा ऑटोमॅटिक असेल तर?

आपण प्रथम अश्वशक्ती पाहतो आणि तिथेच फसतो. शक्ती म्हणजे टॉर्क गुणिले कोनीय वेग. सीजे-३बी जीपचे पेट्रोल इंजिन मिनिटाला ४००० फेऱ्यांना ७५ अश्वशक्ती देई. म्हणजे त्या वेगाला टॉर्क सुमारे १३४ न्यूटन-मीटर. समजा, आपले डिझेल इंजिन ६०च अश्वशक्तीचे आहे, पण ती २५०० फेऱ्यांना देते. टॉर्क येतो १७१! (हे गणित दहावीच्या मुलांकडून जरूर करून घ्यावे.)

ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो. समोरासमोर ठेवलेल्या दोन पंख्यांपैकी एक चालू केला की दुसरा वाऱ्याने फिरू लागतो. इथे वाऱ्याऐवजी तेल. हर्मान फोटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ मध्ये जहाजांसाठी ही युक्ती काढली. दोन्हींमधले स्थिर पाते परतणाऱ्या तेलाची दिशा वळवते, त्यामुळे गाडी जागची हलताना टॉर्क जवळजवळ दुप्पट होतो. आतल्या क्लचच्या चकत्या तेलाच्या दाबाने आवळलेल्या असतात. हा वाढीव टॉर्क दाबाला पेलला नाही, तर त्या घसरतात आणि जळतात.

आमच्या मते खरा अडसर याहून वेगळा आहे. गिअर केव्हा बदलायचा हे जुना ऑटोमॅटिक दोन गोष्टींवरून ठरवतो: गाडीचा वेग आणि इंजिनावरचा भार. पुष्कळ गिअरबॉक्सांत भाराची खबर पेट्रोल इंजिनाच्या हवानळीतल्या कमी दाबावरून मिळते. डिझेलमध्ये हवा अडवणारी झडप सहसा नसतेच, त्यामुळे तसा कमी दाबही नसतो. गिअरबॉक्सला वाटते, चालकाने पेडल पूर्ण दाबले आहे! मग तो ४००० फेऱ्यांच्या इंजिनाला साजेशा वेगाची वाट पाहत बसतो; बिचारे डिझेल तिथवर पोचतच नाही. मर्सिडीझच्या जुन्या डिझेल ऑटोमॅटिक मोटारींत यासाठी निर्वात पंप आणि इंधनपंपाशी जोडलेली झडप कारखान्यातूनच येई. आपल्यालाही तशीच सोय करावी लागेल, शिवाय वेग मोजणाऱ्या गव्हर्नरची वजने व स्प्रिंगा बदलाव्या लागतील.

राहिला चढ. १५०० किलोची गाडी दहास एक चढावर ताशी २० किलोमीटरने न्यायला सुमारे ८ किलोवॉट लागतात. कन्व्हर्टरची कार्यक्षमता ८० टक्के धरली, तर २ किलोवॉट उष्णता तेलात जाते. पाणी तापवण्याच्या दोन मोठ्या कांड्यांइतकी. तेव्हा तेलाचा कूलर आधी मोठा करावा.

आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे इंजिन बदलण्यापूर्वी आरटीओची परवानगीही काढावी.