नटाची नजर पालटणारी लेन्स

रंगभूषेने चेहरा पालटतो. नजर पालटण्यासाठी मात्र कॉन्टॅक्ट लेन्स वापरावी लागते. १९७३ च्या 'द एक्झॉर्सिस्ट' या अमेरिकी चित्रपटात लिंडा ब्लेअर हिची भयावह दृष्टी अशाच लेन्सने साधली होती. परंतु बुबुळावरील पारदर्शक पटलास प्राणवायू मुख्यत्वे हवेतून, अश्रूंवाटे मिळतो. जाड रंगीत लेन्स तो अडवते. पटल सुजते, ओरखड्यातून जंतुसंसर्ग झाल्यास दृष्टीही गमवावी लागते. म्हणूनच अमेरिकेत २००५ पासून बिननंबरी, केवळ शोभेच्या लेन्सलाही डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची आहे. एका नटाची लेन्स दुसऱ्याने घालणे किंवा ती नळाच्या पाण्याने धुणे सर्वथा वर्ज्य होय. नेत्रतज्ज्ञाने डोळ्याचे माप घेऊन दिलेली लेन्सच वापरावी आणि प्रवेश संपताच स्वच्छ हातांनी काढावी.