मास मीडियाची डिग्री धंद्यात कामाला येते का?



या आठवड्याच्या व्हिडिओत बारावीनंतरच्या कोर्सेसबद्दल बोललो, पण मास मीडियावर बोलायला वेळच उरला नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितोय. आणि सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

काही वर्षांपूर्वी साताऱ्याकडच्या एका कार्यशाळेत एक ताई भेटल्या. घरी नाचणी सत्त्व करून विकायच्या. सोबत बारावी झालेली मुलगी. ताईंनी विचारलं, "सर, हिला मास मीडियाला जायचंय. कॉलेजची फी भरू की त्या पैशात पल्व्हरायझर घेऊ?" मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "ताई, मशीन घ्या. तो कोर्स पेपरवाल्यांसाठी असतो." मुलगी गप्प बसली. पण मुंबईत मामाकडे राहून तिने ॲडमिशन घेतलीच.

हा कोर्स नेमका आहे काय?

मुंबई विद्यापीठात याला पूर्वी बीएमएम म्हणायचे, आता बीएएमएमसी म्हणतात. आर्ट्स, कॉमर्स, सायन्स, कुठल्याही शाखेतून बारावी झालेल्याला जाता येतं. पहिली दोन वर्षं सगळ्यांना लेखन, जाहिरात, पत्रकारिता, जनसंपर्क यांची ओळख आणि तिसऱ्या वर्षी जाहिरात किंवा पत्रकारिता यातलं एक, अशी याची रचना वर्षानुवर्षं होती. नव्या शैक्षणिक धोरणामुळे ती बदलतेय, त्यामुळे चालू अभ्यासक्रम कॉलेजात जाऊनच विचारा. बहुतेक ठिकाणी कोर्स विनाअनुदानित असतो, म्हणून फी साध्या बी.ए.पेक्षा जास्त पडते.

पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा या विषयाचा विभाग १९६४ पासून आहे. लोक त्याला अजूनही रानडे इन्स्टिट्यूट म्हणूनच ओळखतात. विदर्भातल्या मुलांसाठी अमरावतीत केंद्र सरकारच्या आयआयएमसीचं केंद्र आहे, तिथे मराठी पत्रकारिता शिकवतात.

मुलीने काय केलं?

या कोर्सच्या सुरुवातीलाच हॅरॉल्ड लासवेल नावाचा अमेरिकन अभ्यासक भेटतो. १९४८ मध्ये त्याने संवाद समजून घ्यायला पाच प्रश्न दिले. कोण बोलतंय? काय बोलतंय? कुठल्या माध्यमातून? कोणाशी? आणि त्याचा परिणाम काय? ऐकायला अगदी साधं आहे. पण आपल्यातले नव्वद टक्के लोक दुसऱ्या प्रश्नावरच अडकतात. "माझा माल शुद्ध, माझा माल घरगुती, माझा माल एक नंबर." समोर कोण आहे हे कोण विचारतो?

मुलीला कॉलेजात एक प्रोजेक्ट होता: एखाद्या वस्तूच्या ग्राहकांशी बोलून पाहणी करायची. तिने आईचेच वीस ग्राहक घेतले. ताईंना वाटायचं, लोक पुन्हा येत नाहीत कारण भाव जास्त आहे. प्रत्यक्षात बऱ्याच आयांनी सांगितलं, "चव छान आहे हो, पण माझ्या हातून गुठळ्याच होतात." पाकीट अर्धं वापरून डब्यात पडून राहायचं. मग दुसरं कोण घेणार?

तिने पाकिटाच्या मागे तीन ओळी छापल्या. सत्त्व आधी थंड पाण्यात कालवा, मग मंद आचेवर ठेवा, सतत ढवळत राहा. आईचा हात आणि पातेलं एवढंच दिसेल असा एक छोटा व्हिडिओ मोबाईलवर काढून ग्राहकांच्या व्हॉट्सॲपवर पाठवला. भाव एक रुपयानेही उतरवला नाही. तरी दुसरं पाकीट मागणारे फोन सुरू झाले.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी

ताईंच्या जुन्या पत्रकावर लिहिलं होतं, "नियमित सेवनाने मधुमेह गायब!" मुलीने माध्यम कायद्याच्या तासाला शिकलेलं आठवून ती ओळ काढायला लावली. मित्रांनो, हे गमतीवर नेऊ नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी उत्पादकाला १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पुन्हा तीच चूक केली, तर ५० लाखांपर्यंत. आजार बरा करण्याच्या जाहिरातींवर तर १९५४ पासून वेगळा कायदा आहे, आणि त्यातल्या आजारांच्या यादीत मधुमेहही आहे. घरगुती धंद्याला असा एक दंड बसला, तर पल्व्हरायझर विकूनही तो फिटणार नाही.

मग सगळ्यांनी हा कोर्स करावा का?

नाही. तो कॉस्टिंग शिकवत नाही, उधारी वसूल करायला शिकवत नाही. त्या मुलीने बाहेरची पहिली दोन व्हिडिओची कामं इतक्या कमी दरात घेतली, की प्रवासखर्चही निघाला नाही. शेवटी हिशोब ताईंनीच मांडून दिला.

तुम्हाला जाहिरात, व्हिडिओ, सोशल मीडिया सांभाळणं हाच धंदा करायचा असेल, तर तीन वर्षं द्या. पण कॉलेज निवडताना बिल्डिंग बघू नका. कॅमेरा आणि एडिटिंगचं मशीन मुलांच्या हातात किती तास येतं, ते तिथल्याच विद्यार्थ्यांना विचारा. तुमचा धंदा आधीच चालू असेल, तर डिग्रीची घाई नको. ते पाच प्रश्न मात्र आजच उचला.

आजचा गृहपाठ

तुमच्याकडून एकदाच माल घेऊन परत न आलेल्या पाच ग्राहकांना फोन करा. विकायला नाही, फक्त ऐकायला. "ताई, मागच्या वेळी काय अडचण आली?" एवढंच विचारा आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत वहीत लिहा. पुढची जाहिरात त्या वहीतूनच निघेल.

आणि हो, ताईंनी नंतर पल्व्हरायझरही घेतला. वाढलेल्या विक्रीतून. मला फोन करून मुद्दाम सांगितलं त्यांनी!

भेटूया पुढच्या व्हिडिओत.