देवघेवीच्या खिडकीमागचे काम

१२ ऑगस्ट हा राष्ट्रीय ग्रंथपाल दिन. डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांची जयंती म्हणून तो पाळला जातो. महाविद्यालयांतून त्या दिवशी प्रतिमापूजन होते, ग्रंथप्रदर्शन मांडले जाते, एखादे व्याख्यान होते. त्यानंतर अकराव्या दिवशी, २३ ऑगस्टला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा वर्धापनदिन येतो. १९५८ साली याच तारखेला हे विद्यापीठ सुरू झाले. आष्टी-पाटोद्यापासून अंबाजोगाई-परळीपर्यंत बीडच्या अकराही तालुक्यांतली कला, वाणिज्य आणि विज्ञान महाविद्यालये त्याला संलग्न आहेत. पहिल्या दिवशी ग्रंथालयाच्या महतीबद्दल बोलले जाते, दुसऱ्या दिवशी विद्यापीठाच्या. मात्र ज्या माणसांच्या हातून पुस्तक विद्यार्थ्यापर्यंत पोहोचते, त्यांच्या कामाची नोंद या दोन्ही दिवशी होत नाही. ती व्हायला हवी, वाचकांच्या शिफारशीवरून व्हायला हवी, आणि तिची सुरुवात ग्रंथपालाच्या खुर्चीपासून न होता ग्रंथालय परिचरापासून व्हायला हवी, असे या लेखाचे म्हणणे आहे.

ग्रंथालयसेवेचा गौरव महाराष्ट्राला नवा नाही. १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा करून राज्याने अ, ब, क, ड वर्गांच्या ग्रंथालयांना अनुदान देण्याची पद्धत घालून दिली. उत्कृष्ट ग्रंथालयांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नावाने, तर उत्कृष्ट ग्रंथालय कार्यकर्ता आणि उत्कृष्ट ग्रंथालय सेवक यांना डॉ. रंगनाथन यांच्या नावाने राज्य पुरस्कार देते. दुसरा पुरस्कार राज्यपातळीवर आणि महसूल विभागवार दिला जातो, आणि त्यात संस्था चालवणाऱ्या कार्यकर्त्याबरोबर पगारी सेवकाचाही विचार केलेला आहे, ही मोलाची गोष्ट. पण हा सन्मान सार्वजनिक ग्रंथालयांपुरता आहे. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात वीस-पंचवीस वर्षे काढलेला माणूस त्यात बसत नाही. रंगनाथन स्वतः कोण होते? गणिताची प्राध्यापकी सोडून १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झालेले गृहस्थ. ज्या पाच सूत्रांनी भारतीय ग्रंथालयांना दिशा दिली, ती १९३१ साली पुस्तकरूपाने आली, आणि त्यांच्यामागे विद्यापीठाच्या ग्रंथालयातला अनुभव होता. विद्यापीठीय ग्रंथपालाच्या नावाचा पुरस्कार विद्यापीठीय ग्रंथालयातल्या माणसालाच मिळू नये, ही विसंगती दूर करणे अवघडही नाही. ग्रंथालय संचालनालय आणि उच्च शिक्षण संचालनालय ही दोन्ही कार्यालये एकाच उच्च व तंत्र शिक्षण विभागाखाली येतात.

महाविद्यालयीन चौकटीत तरी या माणसाला जागा आहे का? ग्रंथपालाला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी सहायक प्राध्यापकाच्या बरोबरीची वेतनश्रेणी दिली, शोधनिबंध आणि पदोन्नतीची वाट दिली. ग्रंथपालांच्या व्यावसायिक संघटना आपापल्या परीने सत्कार, पुरस्कार करतात. त्याखालचा सहायक, लिपिक आणि परिचर मात्र ‘शिक्षकेतर’ या एका मोठ्या शब्दात विरघळून जातो. गुणगौरवाचे समारंभ बहुतेक प्राध्यापकांच्या अध्यापन-संशोधनाभोवती फिरतात. शिक्षकेतरांसाठी जिथे पुरस्कार आहेत, तिथे परीक्षा, लेखा, आस्थापना अशा विभागांशी ग्रंथालयाची स्पर्धा लागते, आणि त्या स्पर्धेत ग्रंथालय मागे पडते, कारण त्याचे काम कोणत्याही फायलीवर दिसत नाही.

हे न दिसणे त्या कामाच्या स्वभावातच आहे. पुस्तक सापडले नाही तर तक्रार होते. सापडले तर वाचक ते घेऊन निघून जातो. देवघेवीच्या खिडकीवर बी.ए.च्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी येतो. त्याला लेखकाचे नाव माहीत नसते, पुस्तकाचे शीर्षक अर्धवट आठवत असते, आणि सरांनी वर्गात सांगितलेला एक शब्द वहीच्या कोपऱ्यात लिहिलेला असतो. संगणकाच्या शोधचौकटीत तो शब्द टाकला तर काहीच येत नाही, कारण शुद्धलेखन चुकलेले असते, किंवा तो शब्द शीर्षकात नसून आतल्या प्रकरणात असतो. जाणता परिचर त्याला दोन प्रश्न विचारतो: कोणता विषय, कोणते सत्र? मग कपाटाशी जाऊन तीन पुस्तके काढतो, अनुक्रमणिका उघडून दाखवतो, आणि जे पुस्तक दुसऱ्याकडे गेले आहे त्याची परतीची तारीख चिठ्ठीवर लिहून देतो. सगळे मिळून चार-पाच मिनिटे. नोंदवहीत यातले एकच उरते: दाखल क्रमांक अमुक, दिले. त्या चार मिनिटांत झालेल्या कामाला ग्रंथालयशास्त्र संदर्भसेवा म्हणते आणि तिच्यावर पदव्युत्तर अभ्यासक्रमात स्वतंत्र विषय शिकवला जातो.

बीड जिल्ह्यात या चार मिनिटांना आणखी वजन येते. दसरा-दिवाळीच्या सुमारास इथली लाखो माणसे ऊसतोडीला जातात आणि उन्हाळा लागताना परततात. म्हणजे महाविद्यालयाची दोन्ही सत्रे या स्थलांतराने कापली जातात. आई-वडील कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात, आणि मुलगी गावी आजीजवळ किंवा तालुक्याच्या वसतिगृहात. घरात वाचायला सांगणारे कोणी नाही, अनेकदा पुस्तके विकत घेण्याची ऐपत नाही. अशा विद्यार्थ्याला पुस्तकपेढीचा संच कधी मिळतो, पुस्तक मुदतवाढीने ठेवता येते का, उशिराचा दंड माफ होतो का, या बारीकसारीक निर्णयांवर त्याचे वर्ष अवलंबून असते. त्यातच संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नव्या शैक्षणिक धोरणाचे अभ्यासक्रम आले. नव्या विषयपत्रिकांना जुनी पुस्तके पुरत नाहीत. कोणत्या जुन्या पुस्तकातले कोणते प्रकरण नव्या घटकाला चालेल, हे जुळवून सांगणारा कर्मचारी त्या विद्यार्थ्याचे एक सत्र वाचवत असतो. विद्यापीठाचे मुख्य ग्रंथालय बीड शहरापासून सव्वाशे किलोमीटरवर आणि अंबाजोगाईपासून दोनशेच्या वर. त्यामुळे तालुक्याच्या गावी विद्यापीठाचे ग्रंथालय म्हणजे व्यवहारात महाविद्यालयाची ती एक खिडकीच.

यावर असे म्हणता येईल की ग्रंथालयाचे मूल्यमापन होतेच, नॅक ही राष्ट्रीय मूल्यांकन परिषद करते. नॅकच्या चौकटीत ‘शिकण्याचे साधन म्हणून ग्रंथालय’ असा घटक आहे आणि तो चांगला आहे. त्यात ग्रंथालय संगणकीकृत आहे का, ई-नियतकालिकांचे सदस्यत्व आहे का, पुस्तकांवर वर्षाला किती खर्च होतो, रोज किती विद्यार्थी-शिक्षक ग्रंथालय वापरतात, हे विचारले जाते. या मोजणीमुळे अनेक ग्रंथालयांत संगणक आले, बारकोड आले, हे मान्य करायलाच हवे. पण ही मोजणी साधनांची आणि गर्दीची आहे. आलेल्या वाचकाला हवे ते मिळाले का, आणि किती वेळात, हे तिच्यातून कळत नाही. रंगनाथन यांचे चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवा असे सांगते. ते मोजायचे तर वाचकालाच विचारावे लागेल.

अमेरिकेतल्या ग्रंथालय संघटनेने हा मार्ग २००८ पासून चोखाळला आहे. ‘आय लव्ह माय लायब्ररियन’ या नावाच्या त्या पुरस्कारासाठी शिफारस वाचकांनी करायची असते. विद्यार्थी, प्राध्यापक, पालक, गावकरी आपल्या ग्रंथपालाने नेमके काय केले ते लिहून पाठवतात. सार्वजनिक, शालेय, महाविद्यालयीन आणि विद्यापीठीय अशा सर्व प्रकारच्या ग्रंथालयांतून निवड होते, आणि हजारो ग्रंथपालांतून वर्षाला जेमतेम दहा जणांना तो मिळतो. त्यातली रक्कम किंवा समारंभ इथे उचलण्याची गरज नाही. घ्यायची ती एकच गोष्ट: शिफारसपत्रात विशेषणे चालत नाहीत, घडलेले काम लिहावे लागते. ‘मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष, हसतमुख’ या तीन शब्दांत आपल्याकडे कोणाचाही निरोप समारंभ उरकता येतो. त्याऐवजी ‘परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात अभ्यासिका रात्री नऊपर्यंत उघडी ठेवली’, ‘विवेकसिंधूच्या जुन्या आवृत्त्यांचा माग शं. ग. दाते यांच्या मराठी ग्रंथसूचीतून काढून दिला’, ‘दृष्टिहीन विद्यार्थ्याला पुस्तकाची ध्वनिप्रत मिळवून दिली’ असे लिहिले गेले, तर निवड समितीला तपासायला काहीतरी हाती लागते. खोटे लिहिले तर तेही उघडे पडते.

पहिला आक्षेप नेहमीचा आहे: पगार मिळतो, काम करणे हे कर्तव्य, त्यात कौतुक कसले? हाच नियम लावला तर आदर्श शिक्षक पुरस्कारही बंद करावा लागेल. शिवाय कर्तव्याची किमान मर्यादा आणि त्यापलीकडचे काम यांत फरक आहे. दाखल क्रमांक लिहून पुस्तक देणे हे कर्तव्य. अर्धवट प्रश्नातून वाचकाची गरज ओळखणे कोणत्याही सेवानियमात लिहिलेले नाही. फ्रेडरिक हर्झबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिट्सबर्गच्या सुमारे दोनशे अभियंते आणि लेखापालांच्या मुलाखती घेऊन १९५९ साली जो अभ्यास मांडला, त्याचा निष्कर्ष असा की पगार आणि कामाची परिस्थिती वाईट असली तर माणूस नाराज होतो, पण ती सुधारल्याने तो कामात रमतोच असे नाही. रमण्यासाठी काम साधल्याचे समाधान आणि त्याची कोणीतरी घेतलेली दखल लागते. त्या सिद्धांतावर पुढे बरीच टीका झाली, पण त्याने दखलेचे महत्त्व संपत नाही. दुसऱ्या बाजूने १९७१ साली एडवर्ड डेसी यांनी विद्यार्थ्यांवर केलेले प्रयोग सावध करतात. आवडीने सोडवायच्या कोड्यांना पैसे लावले की पैसे थांबल्यावर आवड घटली. तोंडी कौतुकाने मात्र ती वाढली. म्हणून इथे रोख बक्षिसाचा आग्रह धरू नये. दखल नेमकी आणि खरी असावी, एवढे पुरे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो शिक्षकेतर कर्मचारीच घेतील. फेब्रुवारी २०२३ मध्ये राज्यभरातल्या विद्यापीठ आणि महाविद्यालयीन शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी परीक्षांच्या कामावर बहिष्कार टाकून आंदोलन केले. मागण्या होत्या आश्वासित प्रगती योजनेच्या, १०-२०-३० वर्षांच्या लाभाच्या, सातव्या वेतन आयोगाच्या थकबाकीच्या आणि रिक्त पदांच्या भरतीच्या. ज्याची हक्काची पदोन्नती अडली आहे त्याला शाल-श्रीफळ देणे ही चेष्टा ठरेल, असे कोणी म्हटले तर ते रास्त आहे. गौरव हा पगाराचा किंवा भरतीचा पर्याय होऊ शकत नाही, आणि तसा वापरला गेला तर कर्मचारी संघटनांनी तो नाकारावा. पण याची दुसरी बाजूही पाहायला हवी. परिचराचे पद भरायचे की नाही हे ठरवताना शासनाच्या आकृतिबंधात विद्यार्थिसंख्येसारखे आकडे बोलतात, काम बोलत नाही. कारण ते काम कुठे लिहिलेलेच नाही. वाचकांनी नावानिशी लिहिलेल्या शिफारशी वर्षानुवर्षे साठत गेल्या, तर रिक्त पदाची मागणी करताना दाखवायला पुरावा तयार होईल. त्यासाठी एक पथ्य पाळावे लागेल: कंत्राटी कर्मचारी आणि कमवा व शिका योजनेत ग्रंथालयात काम करणारे विद्यार्थीही पात्र असले पाहिजेत. आज अनेक ठिकाणी खिडकीवर तेच बसलेले असतात.

वशिल्याचा धोका आहेच. व्यवस्थापनाच्या मर्जीतला माणूस निवडला जाईल, किंवा भांडण नको म्हणून पाळीपाळीने सगळ्यांना दिला जाईल. दोन्हींनी पुरस्काराची किंमत शून्य होते. उपाय म्हणजे शिफारसपत्रे नावासह ग्रंथालयाच्या सूचनाफलकावर लावणे, निवड समितीत विद्यार्थी प्रतिनिधी आणि दुसऱ्या महाविद्यालयाचा ग्रंथपाल घेणे, आणि योग्य काम आढळले नाही त्या वर्षी कोणालाच न देण्याची मुभा ठेवणे. ग्रंथालय हे सांघिक काम असल्याने काही वर्षी एका व्यक्तीऐवजी संपूर्ण विभागाला गौरवणेही योग्य ठरेल. पुस्तक पडताळणीसारखे महिनोन्‌महिने चालणारे काम एकट्याचे कधीच नसते.

आता सगळे ऑनलाइन झाल्यावर या माणसाची गरज किती, असाही प्रश्न येतो. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये आणि सुमारे १३,००० नियतकालिके. पण ही योजना शासकीय संस्थांसाठी आहे. बीडमधल्या खासगी अनुदानित महाविद्यालयांची मुख्य भिस्त आजही इन्फ्लिबनेटच्या एन-लिस्ट या ई-पुस्तके आणि ई-नियतकालिकांच्या योजनेवर आहे, आणि त्यासाठी प्रत्येक विद्यार्थ्याची नोंदणी करून देणे, लॉगिन सुरू करून देणे, मोबाइलवर लेख कसा उघडायचा ते दाखवणे हे काम ग्रंथालयातल्या माणसालाच करावे लागते. त्याने ते केले नाही तर वर्गणी भरूनही ते भांडार बंदच राहते. साधने वाढली तसा वाट दाखवणाऱ्याचा भार वाढला.

२०२३ साली तमिळनाडूतल्या पालम कल्याणसुंदरम या निवृत्त महाविद्यालयीन ग्रंथपालांना पद्मश्री मिळाली. ती सर्वस्वी योग्य होती, पण दिली गेली समाजकार्यासाठी. त्यांनी आपली कमाई गरजूंना वाटून टाकली म्हणून. ग्रंथालयातले रोजचे काम नीट करणे एवढ्यावर कोणी नजरेत भरत नाही, ही आपली खरी अडचण. म्हणून गौरवाचे रूप साधे पण टिकाऊ असावे: सेवापुस्तकात नोंद, कार्यमूल्यमापन अहवालात उल्लेख, आणि परिचराला ग्रंथालयशास्त्राचा प्रमाणपत्र किंवा पदवी अभ्यासक्रम करायचा असेल तर त्याचे शुल्क आणि रजा. यातल्या बऱ्याच गोष्टी महाविद्यालय विकास समिती आपल्या एका ठरावाने सुरू करू शकते. विद्यापीठाने २३ ऑगस्टच्या कार्यक्रमात त्यासाठी जागा करावी, आणि राज्याने रंगनाथन पुरस्काराचे दार महाविद्यालयांना उघडावे.

वाचकांनी मात्र ठरावाची वाट पाहण्याचे कारण नाही. आपल्या किंवा आपल्या मुलाच्या महाविद्यालयात ज्याने कधी नेमके पुस्तक काढून दिले, त्याचे नाव, ती वेळ आणि त्याने काय केले एवढे चार ओळींत लिहून प्राचार्यांना पाठवा, आणि पत्राची एक प्रत त्या माणसाच्या हातात द्या.