स्टीअरिंग लॉक: गाडी उभी करताना चाकं कुठे वळलेली हवीत?

गाडी उभी केली, किल्ली काढली, उतरताना आधाराला स्टीअरिंग धरलं आणि ‘खट्’ आवाज झाला. बहुतेकांची स्टीअरिंग लॉकशी ओळख एवढीच. स्कूटरचं हँडल लॉक आपण मुद्दाम, हँडल वळवून लावतो. गाडीचं आपोआप पडतं, म्हणून त्याचा विचार होत नाही. पण ते पडताना पुढची चाकं सरळ होती की वळलेली, हे मात्र आपल्याच हातात असतं.

आत काय घडतं

स्टीअरिंगपासून खाली जाणाऱ्या दांड्याला खाचा असतात. किल्ली काढली की स्प्रिंगच्या जोरावर एक पोलादी खिट्टी त्या दांड्याकडे सरकते. समोर खाच असेल तर ती लगेच आत बसते. नसेल तर दांड्याला टेकून राहते आणि स्टीअरिंग जरा हललं की खाचेत पडते. चोराने काच फोडून, वायरी जोडून इंजिन चालू केलं तरी गाडी वळवता येत नाही. पश्चिम जर्मनीने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जुन्या-नव्या सगळ्याच गाड्यांना हे कुलूप सक्तीचं केलं आणि तिथल्या गाडीचोऱ्या ठळकपणे घटल्या. ब्रिटनने १९७१च्या सुमारास फक्त नव्या गाड्यांना सक्ती केली, तर चोर जुन्या गाड्यांकडे वळले. इतकी साधी खिट्टी, पण चोर तिला बिचकतो.

किल्ली फिरत नाही तेव्हा

आमच्या इमारतीतल्या एक काकू एकदा सकाळी घाबऱ्याघुबऱ्या वर आल्या. किल्ली फिरेना, ऑफिसला उशीर होत होता, गाडी बिघडली असं त्या धरूनच चालल्या होत्या. खाली जाऊन पाहिलं तर पुढचं चाक फूटपाथच्या कडेला घट्ट टेकलेलं. दबलेला टायर सुटू पाहतो, दांडा खिट्टीला एका बाजूने दाबून धरतो आणि त्या दाबाखाली ती निघत नाही. अशा वेळी डाव्या हाताने स्टीअरिंग दोन्हीकडे हलवून पाहावं. एका बाजूला ते ठार घट्ट लागतं, दुसऱ्या बाजूला किंचित ढिलं. ढिल्या बाजूला दाब धरून उजव्या हाताने किल्ली हलकेच फिरवायची. काकूंची गाडी दुसऱ्या प्रयत्नात सुरू झाली. किल्लीवर जोर मात्र कधीही करू नये. ती आत तुटली तर मेकॅनिकला बोलावण्यावाचून गत्यंतर नाही.

सोसायटीतलं पार्किंग

मुंबई-पुण्यात एकामागे एक गाड्या लावाव्या लागतात. ‘साहेब, न्यूट्रलला ठेवा, हँडब्रेक नको,’ असं वॉचमन सांगतो, म्हणजे मागची गाडी काढायची वेळ आली की पुढची ढकलता येते. इथे चाकं वळलेली असताना लॉक पडलं तर गाडी सरळ न जाता गोल फिरते आणि शेजारच्या गाडीचा दरवाजा घासते. दोन माणसं ढकलत असली तरी ती तिच्याच वळणाने जाणार. म्हणून इंजिन बंद करण्याआधीच चाकं सरळ करावीत. नंतर पॉवर स्टीअरिंग जड होतं. खात्री नसेल तर उतरून टायरकडे एक नजर टाकावी, हे सगळ्यात सोपं.

ही सोय फक्त सपाट जमिनीवर. बेसमेंटच्या उतारावर किंवा रस्त्यावर न्यूट्रलला सोडलेली गाडी म्हणजे अपघाताला आमंत्रण. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२६ नुसार सार्वजनिक ठिकाणी चालकाविना उभी गाडी इंजिन बंद करून, ब्रेक लावून किंवा ती आपोआप हलणार नाही अशी तजवीज करूनच ठेवता येते. बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांची किल्ली ‘पी’वर गिअर नेल्याशिवाय निघतच नाही, आणि ‘पी’वर गाडी ढकलता येत नाही. तिथे काचेमागे फोन नंबर ठेवावा.

चढ आणि उतार

महाबळेश्वरच्या रस्त्यांवर हीच गोष्ट उलटी होते. चाकं मुद्दाम वळवून ठेवायची. डाव्या कडेला फूटपाथ असेल आणि गाडी उताराच्या तोंडाने उभी असेल, तर चाकं डावीकडे. ती सुटली तर टायर फूटपाथला अडेल. चढावर उजवीकडे, मागे घसरताना टायरचा मागचा भाग कडेला टेकतो. कड नसेल तर चाकं डोंगराच्या बाजूला आणि टायरखाली दगड. डावीकडे दरी असेल तर तिथे गाडी उभीच करू नये. खरा भार हँडब्रेक आणि गिअरने सांभाळायचा: चढावर पहिला, उतारावर रिव्हर्स. लॉक फक्त चाकांची दिशा धरून ठेवतं, गाडीला नाही.

चालत्या गाडीत किल्ली

पेट्रोल वाचवायला घाटात इंजिन बंद करून गाडी सोडणारे अजूनही दिसतात, आणि मला खरोखर भीती वाटते. ब्रेकची मदत दोन-चार दाबांत संपते, स्टीअरिंग जड होतं, आणि चुकून किल्ली निघाली तर पहिल्याच वळणावर खिट्टी पडते. मग हातात काहीच उरत नाही.

बंद पडलेल्या गाडीला दोराने टोचन लावतानाही हाच धोका असतो. किल्ली आत ठेवून, लॉकच्या पुढच्या खुणेपर्यंत फिरवून ठेवायची, आणि गाडी हलण्याआधी स्टीअरिंग दोन्हीकडे मोकळं फिरतंय ना, हे हाताने पाहायचं.