आकडे आधी, सूत्र नंतर

सांख्यिकीचं पुस्तक हातात आलं की मी थेट प्रमाण विचलनाचं पान उघडतो. तिथे सूत्र आधी आणि आकडे नंतर असतील, तर ते नवख्याच्या कामाचं नाही. भाची राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात एम.एस्सी.ला लागली. तिच्यासाठी नगरच्या दुकानात पुस्तकं चाळली, तीही अशीच.

दुकानदाराने आधी गुप्ता-कपूर यांचं सांख्यिकीचं पुस्तक काढून दिलं. ग्रंथ पक्का, पण तो गणित घेऊन बी.एस्सी. करणाऱ्यांचा. दुसऱ्या पुस्तकात उदाहरणं भरपूर होती. मात्र ‘वर्गांच्या बेरजेला संख्येपेक्षा एक कमीने भागा’ एवढं सांगून लेखक पुढे गेला होता.

“मामा, एक कमी का?” भाचीने नेमकं विचारलं.

मी कागद घेतला. समजा, कांद्याच्या पाच छोट्या वाफ्यांत 4, 6, 7, 8 आणि 10 किलो माल निघाला. सरासरी 7. तिच्यापासूनचे फरक: उणे 3, उणे 1, शून्य, 1, 3. त्यांची बेरीज नेहमी शून्यच येणार. म्हणजे चार फरक कळले की पाचवा आपसूक ठरतो, मोकळे चारच. वर्गांची बेरीज 20, भागिले 4, आले 5; वर्गमूळ साधारण 2.24 किलो. एवढं सावकाश सांगणारं पुस्तक महाग असलं तरी घ्यावं.

माझं सर्वांत आवडतं पुस्तक पानसे-सुखात्मे यांचं, भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने 1954 साली काढलेलं. जमिनीचा कस एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला बदलतो, म्हणून शेताचे गट पाडायचे आणि प्रत्येक गटात वाणांची जागा चिठ्ठ्या टाकून ठरवायची, हे शेतकऱ्याच्या पोरीला त्यातूनच उमगावं. पण ते नंतर वाचायचं. आधी वाचायचं ते बालभारतीचं दहावीचं गणित, भाग 1, त्यातलं सांख्यिकीचं प्रकरण. मध्य, मध्यक, बहुलक मराठीतून पक्के करायचे आणि समासात इंग्रजी संज्ञा लिहून ठेवायच्या, कारण पुढचा अभ्यास इंग्रजीतून आहे.

सरावाला मात्र तिला घरच्या कांदापट्ट्या, म्हणजे कांदाविक्रीच्या पावत्या, काढायला सांगितल्या. बाजार समितीत एखाद्या वक्कलाला, म्हणजे लिलावातल्या मालाच्या एका ढिगाला, चढा भाव मिळतो आणि गावभर तोच बोलला जातो. म्हटलं, सगळ्या पट्ट्यांवरून भावाचा मध्य काढ, मध्यक काढ, आणि यंदा कांदा काय भावाने गेला म्हणून आजोबांना कुठला आकडा सांगायचा, ते तूच ठरव.