चार बोटांची पायरी

वेरूळचे सोळावे लेणे, म्हणजे कैलास, व्हीलचेअरवरच्या माणसाला पाहता येते का? प्रांगण जमिनीच्या पातळीवर आहे, तिथले दगडी हत्ती आणि ध्वजस्तंभ खालूनच दिसतात. पण कैलासाचा सभामंडप आणि गाभारा वरच्या मजल्यावर, आणि वर जायचा जिना कातळातलाच. बीबी का मकबरा उंच चौथऱ्यावर, तिथेही पायऱ्या. अजिंठ्यात तर डोलीवाल्यांचा रोजगारच पायऱ्यांवर चालतो. एवढे वर्णन माणसाला पुरते, पण 'व्हीलमॅप' या खुल्या नकाशाला पुरत नाही. त्याला प्रत्येक जागेसाठी एकच रंग हवा असतो: हिरवा, नारिंगी किंवा लाल. कुणी नोंदच केली नसेल तर ती जागा राखाडी राहते. कैलासाला नारिंगी द्यावा की लाल, यावर दोन समंजस माणसे वाद घालू शकतील. तो वाद होणे, आणि तो सेंटिमीटरमध्ये होणे, हीच मला या नकाशाची खरी कमाई वाटते.

व्हीलमॅप २०१० साली बर्लिनमध्ये सुरू झाला. त्यामागचे राऊल क्राउटहाउजेन स्वतः विजेच्या व्हीलचेअरवर वावरतात. पायरी नाही अशी खात्री असलेल्या त्याच त्या कॅफेत दर वेळी भेटायचे, याला त्यांचा मित्र कंटाळला होता. त्यातून त्यांच्या 'सोत्सियालहेल्डेन' या संस्थेने हे काम हाती घेतले. त्यांनी नवा नकाशा काढला नाही, हा त्यांचा शहाणपणा. स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ मध्ये इंग्लंडात 'ओपनस्ट्रीटमॅप' सुरू केला होता. तिथे कुणीही खाते उघडून दवाखाना, दुकान, बसथांबा नोंदवू शकतो आणि त्या नोंदीला हवे ते गुणधर्म जोडू शकतो. 'व्हीलचेअर' हा त्यातलाच एक गुणधर्म: हो, मर्यादित किंवा नाही. व्हीलमॅप ही उत्तरे वाचतो, रंगवून दाखवतो आणि लोकांनी दिलेली नवी उत्तरे मूळ साठ्यात परत टाकतो. निकष थोडक्यात असे: दारात पायरी नाही आणि आतल्या सगळ्या खोल्यांत जाता येते, तर हिरवा. दारात फार तर एकच पायरी, तीही सुमारे सात सेंटिमीटरची, आणि मुख्य खोल्या गाठता येतात, तर नारिंगी. त्यापुढे लाल. सात सेंटिमीटर म्हणजे आडवी चार बोटे.

हे निकष छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्यावर आणले की त्यांच्यात एक रंग कमी आहे हे लगेच कळते. आपल्याकडे दुकानदाराला, बँकेच्या शिपायाला किंवा मंगल कार्यालयाच्या व्यवस्थापकाला विचारा, व्हीलचेअर आत येईल का? उत्तर ठरलेले आहे: 'या की, दोघंतिघं धरून वर घेऊ.' या उत्तराला नकाशात रंग नाही. यात खोटेपणा नसतो, आपुलकीच असते. पण या आपुलकीमुळेच पायरी अदृश्य होते. उचलून घेणारे हात हजर आहेत असे धरले की वास्तूत दोष उरतच नाही, आणि ज्याला उचलायचे त्याची इच्छा कुणी विचारत नाही. मग तो माणूस गुलमंडीवर एकटा जात नाही, आणि तो दिसत नाही म्हणून रॅम्पची गरजही कुणाला दिसत नाही. नकाशाचा प्रश्न या चक्राबाहेर उभा आहे. तो माणसांबद्दल काही विचारत नाही, उंबरठ्याची उंची विचारतो.

उंची मोजली की पुढचा हिशेबही उघडा पडतो. रॅम्पचा उतार साधारणपणे एकास बारा ठेवतात. पंधरा सेंटिमीटरच्या एका पायरीसाठी १.८ मीटर लांबी लागते. जुन्या पेठांत गटार आणि पावसाचे पाणी टाळायला दुकानाचा ओटा दीडदोन फूट वर घेतलेला असतो. पंचेचाळीस सेंटिमीटर धरले तरी ५.४ मीटर, म्हणजे रॅम्प थेट रस्त्याच्या मध्यात. सिडकोच्या आखीव रस्त्यांवर हा प्रश्न सुटू शकेल. शहागंज, गुलमंडी, पैठणगेट भागात एकेकट्या दुकानदाराला तो सुटणारा नाही. तिथे अख्ख्या रस्त्याची पातळी, गटारावरची फरशी आणि पदपथ एकत्र विचारात घ्यावे लागतील, आणि ते काम महापालिकेचे. लाल ठिपका दुकानाच्या नावावर पडतो, हे खरे; पण शंभर लाल ठिपके एका ओळीत दिसले की बोट आपोआप रस्ता बांधणाऱ्याकडे वळते. एकेकटी तक्रार हे दाखवू शकत नाही. केंद्र सरकारच्या 'सुगम्य भारत' ॲपवर फोटोसह तक्रार करता येते, ते उपयोगीच आहे, पण तक्रार निकाली निघाली की संपते. नकाशा संपत नाही.

आणखी एक अडचण निकषांतच आहे. बर्लिनची व्हीलचेअर आणि आपल्याकडे शिबिरांत वाटली जाणारी हाताने चालवायची तीनचाकी सायकल, ही दोन वेगळी वाहने आहेत. तीनचाकी लांब असते, तिला वळायला जागा लागते, दुकानात ती शिरतच नाही. जोडचाकांच्या स्कूटरवरचा माणूस काउंटरच्या समोर गाडी लावून मालच बाहेर मागवतो. त्याच्या दृष्टीने हिरव्या दारापेक्षा दारासमोर थांबायला मिळणे महत्त्वाचे. म्हणून रंगाबरोबर चार शब्दांचे वर्णन, दाराची रुंदी आणि स्वच्छतागृहाची वेगळी नोंद हवी. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये या सगळ्याला जागा आहे. तिथे काही नवे गुणधर्म सुचवायचे तर कुणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. गूगलच्या नकाशावरही व्हीलचेअरची खूण असते, आणि तो सगळ्यांच्या फोनमध्ये आधीच आहे, मग दुसरा कशाला, असे कुणी म्हणेल. वापरायला गूगल जरूर वापरावा. पण तिथे कोणता प्रश्न विचारायचा हे कंपनी ठरवते, आणि जमलेली माहिती उचलून शहराचा आराखडा करायला ती तुमच्या हाती येत नाही. ओपनस्ट्रीटमॅपचा साठा श्रेय देऊन कुणीही उतरवून घेऊ शकतो, महापालिकाही.

हौशी लोकांच्या नोंदींवर विश्वास कसा ठेवायचा, हा आक्षेप जास्त वजनदार आहे. धडधाकट स्वयंसेवकाच्या नजरेतून दहा सेंटिमीटरची पायरी सहज निसटते, आणि चुकीच्या हिरव्या ठिपक्याचा भुर्दंड रिक्षाने तिथवर गेलेल्या माणसाला पडतो. याला पूर्ण उत्तर नाही. अंशतः उत्तर असे की मत विचारण्याऐवजी माप विचारले तर चूक कमी होते आणि दुसऱ्याला ती पकडता येते. व्हीलचेअर वापरणारे किती, एवढ्यांसाठी हा खटाटोप का, हा आक्षेप मात्र मला हलका वाटतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग नोंदले गेले. त्यातले सगळे चाकांवर नाहीत, पण घाटी रुग्णालयातून पाय प्लॅस्टरमध्ये घालून बाहेर पडणारा, गुडघे दुखणारी आजी आणि बाबागाडी ढकलणारी आई या गणतीत येतही नाहीत, आणि पायरी त्यांनाही तेवढीच उंच असते.

राहिला कायदा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. त्याचे नियम जून २०१७ मध्ये आले, आणि अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती पाच वर्षांत सुगम करायच्या होत्या, म्हणजे मुदत जून २०२२ मध्ये संपली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतूडी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नुसत्या शिफारशींनी भागणार नाही, सक्तीची मानके करा. मानके येतीलही; ती पाळली गेली की नाही हे तपासायला इमारतवार नोंद लागेल, आणि ती ठेकेदाराच्या पूर्णत्वाच्या दाखल्यासारखी नुसती कागदोपत्री नसलेली बरी. ओपनस्ट्रीटमॅपवर प्रत्येक नोंदीचा इतिहास तारखेसह राहतो. एखाद्या कार्यालयाचा ठिपका लालचा हिरवा झाला, तर तो कधी झाला आणि तोवर किती काळ लाल होता, हे कुणालाही माहितीच्या अधिकाराचा अर्ज न करता पाहता येते.